लेथवर शिकाऊ उमेदवार: आमच्या वर्कशॉपचं पहिलं वर्ष

मार्च २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असं पूर्ण वर्ष आमच्या वर्कशॉपमध्ये दोन शिकाऊ उमेदवार टर्नरचं, म्हणजे लेथवर धातूचा तुकडा फिरवून त्याला आकार द्यायचं, काम शिकले. दोघंही परीक्षा पास झाले आणि दोघांचीही दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. या धंद्यात ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी असते. तेव्हापासून ओळखीतल्या लहान वर्कशॉपवाल्यांचे फोन येतात. कागदपत्रं किती लागतात, विमा काढावा का, पोराला काही झालं तर कोण जबाबदार, मुलींना घ्यावं का? एकेकाला अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून काढते.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग, पंपाचे शाफ्ट, बुश, फ्लँज अशी जॉबवर्कची कामं. तीन लेथ, एक सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन), एक मिलिंग, ड्रिल आणि बेंच ग्राइंडर. माझ्यासकट सोळा माणसं. मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, ऑफिस आणि शॉप दोन्ही बघते, सगळे ताई म्हणतात. उमेदवार घ्यायचं ठरवलं ते आमच्या अण्णांमुळे. अण्णा तीस वर्षांहून जास्त काळ लेथवर आहेत आणि आणखी काही वर्षांनी थांबतील. सीएनसीवर बटण दाबणारी मुलं मिळतात. हाताने टूलला धार लावून आवाजावरून कट ओळखणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही, तो घडवावाच लागतो.

२०२३ च्या दिवाळीनंतर मी माहिती काढायला सुरुवात केली. याचा कायदा म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के एवढे घेता येतात, म्हणजे आमच्या हिशोबाने दोन. आयटीआयमधून दोन वर्षांचा टर्नर ट्रेड पास झालेल्याला एक वर्षाची उमेदवारी करावी लागते आणि त्याला मूलभूत प्रशिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. लहान वर्कशॉपने आयटीआय पास मुलंच घ्यावीत असं मी म्हणेन. कोरा मुलगा घेऊन त्याला मूलभूत प्रशिक्षण द्यायला आपल्याकडे ना जागा असते ना माणूस.

केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर आस्थापना म्हणून नोंदणी केली. उद्यम, पॅन, जीएसटी आणि बँकेचे तपशील हाताशी ठेवले तर तो भाग एका बैठकीत होतो. वेळ गेला तो उमेदवारांच्या कागदांत. मुलीचं आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नव्हतं. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यावर जमा होतो, त्यामुळे ही जोडणी झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. जानेवारी सगळा त्यातच गेला. मुलाखत घेतानाच आधार, मार्कशीट आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा.

विद्यावेतनाचा हिशोब असा. आमच्या कराराच्या वेळी आयटीआय पास उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये होते. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून त्यातला पंचवीस टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. उरलेले ५,५०० आपले. आम्ही त्यावर ५०० घालून सहा हजार दिले, कारण दोघंही बाहेरगावचे. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचं असतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून पहिला पैसा हातात येईपर्यंत सव्वा महिन्याच्या आसपास जातो. या गोष्टीकडे पुढे परत येते, कारण तिचा सुरक्षिततेशी थेट संबंध निघाला.

विम्याबद्दल नीट वाचा. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे त्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नाही. पण काम शिकताना अपघात झाला तर कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे भरपाई द्यायची जबाबदारी मालकावरच आहे, हे शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या कलम १६ मध्ये सरळ लिहिलंय. आमच्याकडे कामगारांसाठी आधीपासून पॉलिसी होती. एजंट म्हणाला, "होतील ओ कव्हर, काळजी नको." मी त्याच्याकडून दोघांचा उल्लेख असलेला लेखी कागद घेतला. वर्षाला दोन-अडीच हजारांची भर पडली. तोंडी शब्दावर कुणी राहू नये.

हाच कायदा वाचताना मला दोन कलमं सापडली, त्यावर आमचं पुढचं सगळं वर्ष उभं राहिलं. कलम १३ सांगतं की उमेदवाराला नगावर पैसे द्यायचे नाहीत आणि त्याला उत्पादनाच्या बोनसमध्ये किंवा इन्सेंटिव्हमध्ये ओढायचं नाही. कलम १५ सांगतं की शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (हा सरकारी अधिकारी असतो) मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावायचा नाही. बहुतेक मालकांना ही कटकट वाटते. मला मात्र वाटतं की कायदा लिहिणाऱ्याला वर्कशॉप कळलेलं होतं. लेथवरचे जे अपघात मी पाहिले किंवा ऐकले, त्यात यंत्र क्वचितच बिघडलेलं होतं. बहुतेक वेळा कुणाला तरी घाई होती. आणि शिकणाऱ्या पोराला स्वतःची घाई नसते, ती त्याला आपण लावतो.

फेब्रुवारीत मशीनवर काम काढलं. उमेदवारांसाठी एक जुनी लेथ निवडली. तिला साधा स्विच होता. लाईट गेली आणि स्विच तसाच राहिला तर लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू व्हायची. वायरमनकडून डीओएल स्टार्टर बसवून घेतला. त्यातली नो-व्होल्ट कॉइल लाईट गेली की सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन परत चालू होत नाही. मजुरीसकट तीन हजारांच्या आत काम झालं. हात सहज पोचेल तिथे लाल मशरूम बटण लावलं. चकवर, म्हणजे कापायचा तुकडा (जॉब) पकडून फिरणाऱ्या भागावर, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं गार्ड बसवलं आणि त्याला लिमिट स्विच जोडला, गार्ड उघडं असेल तर स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) फिरत नाही. त्याला पाच-सहा हजार गेले. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे चक आवळायची स्प्रिंगची चावी. हात सोडला की ती आपोआप बाहेर पडते, चकमध्ये राहूच शकत नाही. चावी चकमध्ये विसरून मशीन चालू केलं की ती गोळीसारखी सुटते, हे प्रत्येक टर्नरला माहीत असतं आणि तरी ते होतं. आम्ही तिन्ही लेथच्या चाव्या बदलल्या. ग्राइंडरवर टूल रेस्ट आणि चाकातली फट ३ मिलिमीटरच्या आत आणली आणि डोळ्यासमोरची काच नवी टाकली.

गुरू कोण, हा प्रश्न मशीनपेक्षा अवघड होता. आमच्याकडे अण्णांपेक्षा वेगाने काम काढणारा ऑपरेटर आहे. पण त्याच्या हातात वेग आहे, तोंडात शब्द नाहीत. अण्णा काम करताना बोलतात. शिवाय इथे पैशाचा प्रश्न होता. आमच्या ऑपरेटरना उत्पादनावर इन्सेंटिव्ह मिळतो. शिकवणाऱ्याचं उत्पादन पडणार, म्हणजे त्याचाच खिसा कापला जाणार, मग तो मनापासून शिकवेल कसा? म्हणून अण्णांच्या मागच्या सहा महिन्यांच्या इन्सेंटिव्हची सरासरी काढून तेवढी रक्कम वर्षभर पक्की केली आणि त्यांच्या मशीनचं रोजचं उत्पादन पहिले तीन महिने निम्मं धरलं. वर्षभरातला खरा खर्च हाच. विद्यावेतन, गार्ड, बूट सगळं मिळून त्याच्या मागेच राहतं. हा खर्च आधी मान्य करायची तयारी नसेल तर उमेदवार घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

१ मार्चला दोघं आले. मुलगा पन्हाळ्याकडच्या गावातला, मुलगी कागलची. पहिल्या दिवशी मशीन चालू करायचंच नाही असं ठरलं होतं. अण्णांनी एमसीबी खाली पाडला, गिअर न्यूट्रलला टाकला आणि चकच्या जबड्यात सुतळीचं टोक अडकवलं. मुलाला सांगितलं, "दोन फेरे फिरव हातानं." त्याने फिरवले. मग सुतळी सोडवून टेप लावला. चक २०० मिलिमीटरचा, दोन फेऱ्यांत सव्वा मीटर सुतळी गुंडाळली गेली होती. अण्णा म्हणाले, "हात मागं घ्यायचा असं मनात येऊन हात मागं यायला पाव सेकंद तरी जातोय. पाचशे आरपीएमला पाव सेकंदात चक दोन फेरे फिरतोय. आता सांग, तुझी बाही केवढी?" मुलाने नकळत बाही धरली. सव्वा मीटर म्हणजे मनगटापासून खांद्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे.

मुलाच्या हातात जोतिबाहून आईने आणून बांधलेला दोरा होता आणि एक कडं. मी काही बोलायच्या आत अण्णांनी स्वतःची अंगठी काढून खणात ठेवली. ती त्यांच्या लग्नातली. "घरी जाताना घालतो," म्हणाले. त्यानंतर मुलाने कडं काढलं आणि दोरा दुसऱ्या दिवशी आईला विचारून घरी देवापुढे ठेवून आला. तेव्हापासून शॉपमधल्या सगळ्यांनीच दारापाशी डबा ठेवलाय. ज्या नियमातून मोठे सुटतात तो नियम लहानांवर टिकत नाही.

मुलीच्या आईचा वेगळाच प्रकार. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे कोरे हातमोजे पाठवले. फोनवर म्हणाल्या, "पोरीचे हात जपा हं ताई." माउलीचं चुकलं काहीच नव्हतं, पण फिरत्या लेथवर हातमोजा हा सगळ्यात मोठा शत्रू. बोट निसटतं, मोजा निसटत नाही, तो हात घेऊन जातो. मी त्यांना रविवारी बोलावलं, बंद मशीनवर सुतळीचा प्रयोग दाखवला आणि मोजे कुठे वापरायचे तेही दाखवलं: कास्टिंग उचलताना, चिप्सची (धातूच्या किसाची) ट्रॉली रिकामी करताना, मशीनपासून लांब. घरच्यांना एकदा शॉप दाखवा. पुढे मुलगी उशिरापर्यंत थांबत नाही, ओढणीऐवजी हाफ बाहीचा शर्ट घालते, केस टोपीत बांधते, या गोष्टींवर घरून एक प्रश्न आला नाही. आणि मुलगी घेणार असाल तर कपडे बदलायची कडी लागणारी खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह आधी करा, मग जाहिरात द्या.

पहिल्याच आठवड्यात ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन आला. शपथ घेतली, बिल्ले लावले. त्याच दिवशी एक वही सुरू केली, तिला नाव पडलं 'थोडक्यात वाचलो'. काही होता होता राहिलं की ते त्यात लिहायचं. लिहिणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही, पैसे कापायचे नाहीत. पहिली नोंद अण्णांनीच केली: "व्हर्नियर लावताना जॉब पूर्ण थांबला नव्हता." म्हणजे तुकडा फिरत असतानाच माप घ्यायची पट्टी लावली. मुलांनी ती नोंद वाचली, आणि मग त्यांच्या नोंदी यायला लागल्या. चिप हाताने ओढली, बोटाला कापलं, टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं. चिप ओढायचा हूक जागेवर नव्हता. ही नोंद वाचल्यावर प्रत्येक मशीनला हूक साखळीने बांधला. पॉलिश पेपर बोटांभोवती गुंडाळून जॉबला लावला, अण्णांनी थांबवलं. त्यानंतर पेपर लाकडी पट्टीवर चिकटवून ठेवायला लागलो.

आणि भूक. मार्चअखेरीस एका सकाळी मुलगा मशीनपाशी घामाघूम, डोळ्यासमोर अंधारी. चौकशी केली तर पहाटे पाचची एसटी, घरून फक्त चहा, आणि खिशात पैसे नाहीत कारण विद्यावेतन यायला अजून दहा-बारा दिवस. त्या दिवसापासून सकाळी सगळ्यांसाठी पोहे किंवा उप्पीट सुरू केलं, आणि आता नव्या उमेदवाराला पहिल्या दिवशीच एसटीच्या पासाचे पैसे देतो. उपाशी पोटी फिरत्या मशीनपुढे उभं राहणाऱ्याला गॉगल आणि बूट वाचवू शकत नाहीत.

शिकवण्याचा क्रम अण्णांचा होता. आधी झाडणं, ऑइल घालणं, चक साफ करणं. मग मोजमाप, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, दोघांचं माप जुळेपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात फेसिंग (टोक सपाट करणं), मग टर्निंग (व्यास कमी करणं). पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करणं) आणि थ्रेडिंग (आटे पाडणं) जूननंतर. ग्राइंडरवर टूल घासायला तर त्याहून उशिरा, कारण तिथे चाक फुटण्याची भीती असते. नवं चाक बसवण्याआधी ठोकून आवाज ऐकायचा, खणखणीत आला तरच लावायचं, आणि चालू केल्यावर पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहायचं. प्रत्येक ऑपरेशनआधी अण्णा विचारायचे, "आता तू काय करणार, सांग." "समजलं" या उत्तरावर त्यांचा विश्वास नव्हता. मान डोलावणारी पोरं सगळ्यात धोक्याची, असं ते म्हणतात. सांगता आलं नाही तर मशीन चालू नाही.

अण्णांनी दोघांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: "मी कधी लवकर कर म्हणलो, तर मशीन बंद करायचं आणि ताईंकडं जायचं."

जुलैत याची कसोटी लागली. पंचगंगेला पूर आला, रस्त्यांवर पाणी, निम्मी माणसं गावांत अडकली. एका ग्राहकाचे शाफ्ट तटले होते आणि त्यांचे दिवसाला तीन-तीन फोन. मुलगी जवळच खोली घेऊन राहत होती, ती रोज येत होती, आणि तोवर टर्निंग बऱ्यापैकी करायला लागली होती. ग्राहकाचा माणूस शॉपमध्ये येऊन म्हणाला, "ही आहे की, लावा हिला रात्री आठपर्यंत." अण्णा नव्हते. तिला एकटीला मशीनवर लावणं, तेही वेळ संपल्यावर, हे करणं मला शक्य नव्हतं आणि मी तसं सांगितलं. माल उशिरा गेला, त्या ऑर्डरवर पैसे कापले गेले. मला त्याचा राग आला, झोप लागली नाही. पण त्या आठवड्यात मुलगी 'वाचलो' वहीत लिहून गेली, "गडबडीत मी चावी शोधत होते, ती चकमध्ये नव्हती कारण स्प्रिंगने बाहेर पडली होती." ते वाचल्यावर ऑर्डरचा विषय माझ्यापुरता मिटला.

पावसाळ्यात लाईट दिवसातून कितीदा तरी यायची-जायची. एकदा मुलगा चिप्स काढायला वाकला असताना लाईट गेली आणि काही सेकंदांत आली. मशीन गप्प उभं राहिलं. बाकीच्या दोन लेथना स्टार्टर बसवायचे पुढच्या महिन्यावर ढकलले होते, ते त्याच दिवशी मागवले.

खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून पूजा केली. झेंडूचे हार प्रत्येक लेथला असतातच. दसऱ्यानंतर काम सुरू करताना उमेदवारांवर एकच जबाबदारी दिली: प्रत्येक मशीनवरून हार, दोरा, आंब्याच्या पानांची सुतळी काढून हातात आणून द्यायची, मग स्विच. लीड स्क्रूच्या (लेथच्या लांब आटेदार दांड्याच्या) मागे अडकलेला दोरा मुलीने शोधून काढला. दरवर्षी हे काम आता नव्या उमेदवाराचंच राहील.

कागदांचं काम वर्षभर चालू असतं हे लक्षात ठेवा. दोघांच्या रोजच्या कामाची नोंदवही, महिन्याची हजेरी, विद्यावेतन दिल्याची पोर्टलवर नोंद. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे उरकलं नाही तर पुढे सरकारचा वाटा अडकतो. विद्यावेतन बँकेतूनच द्या, रोख नको. फेब्रुवारीच्या शेवटी करार संपला. नंतर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा झाली. लेखी पेपर संगणकावर असतो, त्याची सवय नसते, म्हणून आम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सराव घेतला. प्रात्यक्षिकाची दोघांना भीती नव्हती. पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, पुढच्या नोकऱ्यांत ते बघितलं जातं.

मुलगा आमच्याकडेच राहिला, आता कामगार म्हणून, ईएसआय-पीएफसकट. मुलीला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी सेटरची नोकरी लागली, घरापासून जवळ. पुढची दोघं आम्ही घेतली आहेत. यावेळी शिकवायला अण्णांसोबत आमचा दुसरा एक ऑपरेटरही आहे, त्याचाही इन्सेंटिव्ह सरासरीवर पक्का केलाय. तो बोलायला अजून लाजतो, म्हणून अण्णा उमेदवारांना विचारतात तोच प्रश्न आता त्यालाही विचारतात. कुणाला करार भरताना अडलं किंवा गार्डचं ड्रॉइंग हवं असेल तर दुपारी चारनंतर शॉपमध्ये या, तेव्हा मशीन बंद असतात आणि निवांत दाखवता येतं.